पेवातलं वारं

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्यात. गल्लीत टँकर आला की बायका पाइप धरायला धावतात, आणि त्यांच्या रिकाम्या घागरींचा खडखडाट ऐकला की माझ्या नाकात वास येतो. आवाजानं वास यावा, हे काही बरोबर नाही, मलाही कळतं, पण येतो. पेवातल्या ज्वारीचा वास. उबट, आंबूस, ओल्या मातीत गोणपाट कुजावं तसा. अहमदपूरच्या ह्या सिमेंटच्या घरात पेव कुठलं असणार? तरी मी शेजारी बसलेल्या महानंदाला विचारते, "तुला येतोय का गं?" महानंदा माझी धाकटी जाऊ. ती हरभऱ्याची डाळ निवडत असते, तोंड माझ्याकडं न वळवता म्हणते, "आक्का, तुला टँकर आल्यावर येतोय. मला तर रोजच येतोय."

आता डाळ निवडते म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हिचे डोळे चांगले असतील. तर तसं नाही. महानंदाला दिसत नाही. आणि तसं म्हटलं तर तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला अजून चष्मासुद्धा नाही. हे कोडं मी नाही घातलेलं. हे ज्यानं घातलं त्यालाच विचारा. मी फक्त तो उन्हाळा सांगते.

लातूर नवा नवा जिल्हा झाला होता तेव्हाचा उन्हाळा. माझं माहेर लोह्याचं, म्हणजे नांदेड जिल्हा, आणि सासर अहमदपूरच्या अलीकडचं खेडं. लग्नात मी उस्मानाबाद जिल्ह्यात दिलेली मुलगी होते. मग एक दिवस कळलं, आपण आता लातुरात. घर तेच, आड तोच, आडाला पाणी नाही तेही तेच. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, दारात उभ्या राहून इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "जिल्हा बदलला म्हनतेत. मला तर काय दिसंना झालंय." सगळे हसले. गंमत बाजूला, पण त्या दिवसांत कुणाचा कागद कुठं गेलाय, कुणालाच ठाव नसायचा. सवयीनं माणसं अर्ज जुन्याच गावाला धाडायची. कागद निघालेला असायचा, पोचलेला नसायचा. हे टपालाचं मी उगाच सांगत नाही, पुढं लागणार आहे.

त्यात पाऊस नाही. बहात्तर ज्यांनी बघितलं ते म्हणायचे, हे तेवढं नव्हं. पण भुकेला जुना दुष्काळ सांगून काय उपयोग? गडीमाणसं तलावाच्या कामावर माती उपसायला जायची, उन्हं कलल्यावर परतायची. आमचे हे आणि धाकटे भावजी विश्वनाथ, दोघंही तिकडंच. घरात आम्ही तिघी. महानंदा वर्षाभरापूर्वीच उदगीरकडून लग्न होऊन आलेली. बारीक चणीची, आईची आठवण आली की "अव्वा" म्हणायची आणि मग लाजायची. डोळे असे पाणीदार की आत्याबाई पाहुण्यांना सांगायच्या, "डोळं बघूनच केली."

पेव म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. पांढऱ्या कडक मातीत खाली खोल खड्डा, पोट मोठं, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. चांगल्या सालची ज्वारी वाईट सालासाठी. पण बंद पेव म्हणजे श्वास कोंडलेलं जनावर. ते उघडलं की लगेच आत जायचं नाही. एक दिवस तोंड मोकळं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणूस उतरेल, विझला तर आणखी थांबायचं. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत.

त्या दिवशी दळणाला दाणा नव्हता. सकाळी आत्याबाईंनी आणि मी पहार घालून दगड सरकवला. आतून जी वाफ आली तिनं आम्ही दोघी मागं सरलो. दुपार होत आली तशा आत्याबाई चुळबुळ करायला लागल्या. गडी येतील, त्यांच्या ताटात काय घालायचं? त्यांनी कंदिलात थोडं उरलेलं रॉकेल पेटवलं आणि तो आत सोडला. आम्ही तिघी वाकून बघत होतो. दिवा पोटापर्यंत गेला, निळा झाला आणि विझला.

आत्याबाई क्षणभर तशाच वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "वारं लागलं, म्हनून इझला."

महानंदा उतरली. तीच सगळ्यांत हलकी होती. खोचलेला पदर, हातात टोपली. पाय आत सोडताना तिनं वर बघितलं, एवढं मला आठवतं. पुढचं सलग आठवत नाही. टोपली आदळल्याचा आवाज, आत्याबाईंनी मारलेली हाक, हाकेला उत्तर नाही. मी रस्त्यावर धावले. बैलगाडीवाले दोघं जण होते, त्यातल्या एकानं तोंडाला ओला पटका बांधला, श्वास धरून उतरला, तिच्या काखेत दोर घातला. वर आली तेव्हा तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे होते. अंगभर ज्वारी चिकटलेली.

अहमदपूरला डॉक्टरांनी जीव वाचवला. दोन दिवसांनी ती बोलली. पहिलं वाक्य, "आक्का, कंदील लावा की." भर दुपारी. खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

पण खरा हबका तो नव्हता. आंधळं माणूस आम्ही बघितलं होतं. देवीच्या रोगानं डोळे गेलेली माणसं गावात होती. हबका पुढं बसला.

घरी आणल्यावर आत्याबाईंनी तिच्या डोळ्यांसमोर पेटती चिमणी धरली. बाहुली बारीक झाली. चिमणी बाजूला नेली, मोठी झाली. मग एकदा वाटेत बाज टाकलेली होती, नेहमीच्या जागी नव्हती, आडवी. महानंदा परसात चालली होती. मी ओरडणार तेवढ्यात ती बाजेला वळसा घालून गेली. चाचपडली नाही, हात पुढं केला नाही. डोळसासारखी गेली. मी विचारलं, "नंदे, बाज दिसली का तुला?" ती म्हणाली, "कुठली बाज?"

आत्याबाईंनी ते बघितलं. "सोंग," त्या म्हणाल्या. "पाणी आणायला नको, सारवायला नको. खाटंवर बसून आयतं पायजे."

आणि मग कांदा. ती उंबऱ्याजवळ बसली होती, मी चुलीपाशी, विश्वनाथ भावजी नुकते हातपाय धुऊन आलेले. आत्याबाई कांदे चिरत होत्या. काही न बोलता त्यांनी एक कांदा उचलून तिच्या तोंडावर फेकला. महानंदाचा हात वर गेला. कांदा मुठीत.

भावजींच्या हातातलं धोतराचं टोक तसंच राहिलं.

"आता बोल," आत्याबाई म्हणाल्या.

महानंदानं मूठ खाली घेतली, बोटांनी वस्तू चाचपली, नाकाशी नेली. तिचा चेहरा पांढरा पडला. "कांदा हाय," ती म्हणाली. "आक्का, माझ्या हातात कांदा कसा आला?"

"आता कांद्यालाच इचार," आत्याबाई म्हणाल्या.

मी तिच्याकडं बघत होते. खोटं बोलणारं माणूस असं घाबरत नाही. ती आमच्यापेक्षा जास्त घाबरली होती. आपल्याच हाताला ती घाबरली होती. "मला काय बी दिसलं न्हाई, आत्याबाई. शपथ. हातानं धरलं, मी न्हाई." माझ्या अंगावर तेव्हा जो काटा आला तो अजून बसलेला नाही. हात तिचा, डोळे तिचे, मग धरलं कुणी? आपल्या अंगात आपल्यावाचून आणखी कुणी राहतं का? मी अडाणी बाई, चौथीपर्यंत शिकलेली, पुढं जे वाचलं ते वाण्याच्या पुड्यांवरचं आणि गावच्या वाचनालयातलं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, दिसणं ही गोष्ट आपण समजतो तेवढी सोपी नाही.

आत्याबाईंनी निकाल दिला. "इस्वनाथ, सोमवारी हिला उदगीरला न्हेऊन सोड. सोंग उतरलं की येईल माघारी." माहेरी अशी सोडलेली सून कधी माघारी येत नाही, हे तिथल्या चुलीलासुद्धा माहीत होतं. भावजी मान खाली घालून म्हणाले, "आईनं डोळ्यांनी बघितलंय, वैनी. मी काय करू?" मी म्हटलं, "भावजी, तुमच्या आईनं डोळ्यांनी बघितलंय, आन् हिनं डोळ्यांनी बघितलेलं न्हाई. दोन्ही खरं असंल तर? उदगीरच्या आधी एकदा नांदेडला दाखवा. माझा दादा लोह्याला गाडीत बसंल."

एसटीत मी तिला खिडकीशी बसवलं. लोह्याच्या रस्त्याला रखरखीत रान, पाचोळा उडून राहिला होता. ती अचानक म्हणाली, "झाडं पळायलीत." मी चमकून बघितलं. तिनं लगेच मान हलवली. "न्हाई, आक्का. झाडं न्हाई दिसली. काईतरी पळायलंय एवढंच वाटलं. ते बी दिसलं असं न्हाई, कळलं." दादा लोह्याला चढला तेव्हा त्यानं तिच्यासमोर हात हलवला, मग माझ्याकडं बघितलं.

नांदेडचे डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाले, डोळे अगदी चांगले आहेत. माझा धीर सुटला. आता ह्यांनीही सोंग म्हटलं की संपलं. पण ते तिच्यापुढं बसले आणि टेबलावर पेला ठेवला. "ताई, समोर काय आहे?" "काय बी न्हाई दिसत." "नसू दे. समोर जे आहे ते उचला. अंदाजानं." तिचा हात निघाला. आणि हात पेल्याला लागायच्या आधीच पंजा पेल्याएवढा उघडला. मग त्यांनी पेला काढून माझ्या चंचीतली सुपारी ठेवली. पुन्हा तेच: "काय बी न्हाई." हात निघाला आणि ह्या खेपेला वाटेतच चिमटी झाली, सुपारीएवढी.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हे मी फक्त वाचलं होतं."

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. डोळा बघत नाही. डोळा फक्त निरोप धाडतो. निरोप जातो डोक्याच्या पार मागं, मानेच्या वर, जिथं आपण डोई टेकतो तिथं. तिथं तो उघडला जातो तेव्हा आपल्याला दिसतं. पेवात तिचा श्वास कोंडला आणि ती मागची जागा मेली. पण डोळ्यातून निघालेलं सगळं टपाल तिथंच जात नाही. थोडं दुसऱ्या वाटांनी जातं, हाताकडं, पायाकडं. तेवढं तिला पोचतंय. हाताला पोचतं, तिला पोचत नाही.

"म्हंजे हात बघायलाय आन् बाईला खबर न्हाई?" दादा म्हणाला.

"तसंच म्हणा."

मी विचारलं, "डॉक्टर, मग त्या मागच्या जागेत असं काय होतंय, की तिथं गेल्यावर दिसतंय आन् दुसरीकडं गेल्यावर न्हाई? टपाल तर तेच."

ते हसले, थोडे दमल्यासारखे. "ते मला माहीत नाही, बाई. मला वाटतं अजून कुणालाच माहीत नाही."

परवा आमची नात श्रुती आली होती, नांदेडलाच डॉक्टरकी शिकते. तिला मी तोच प्रश्न विचारला. तिनं मोबाइलवर मेंदूचं चित्र काढून दाखवलं, वळकट्या घातलेलं. पेशी असतात म्हणे, त्यांच्यात बारीक वीज खेळते. लाल बघितलं की अमुक पेशी जाग्या होतात, कडा बघितली की तमुक, काही हलताना दिसलं की आणखी वेगळ्या. मी म्हटलं, "बरं, वीज खेळली. पण विजेला काही रंग नाही. मग माझं कुंकू लाल कसं झालं?" श्रुती म्हणाली, "आजी, वीज कुठं खेळते ते आता मशीनवर दिसतं. ती आपल्याला लाल का वाटते, हे अजून कुणी सांगू शकलेलं नाही." मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. म्हणजे ह्या घडीला माझ्या समोर ही भिंत, तो टँकर, हे ऊन, हे सगळं माझ्या डोक्याच्या मागच्या अंधारात तयार होतंय. बाहेरचा उजेड आत जातच नाही. आत काळोखच. आणि तरी उजेड दिसतो. साठ-सत्तर वर्षं मी डोळे उघडून फिरले, आणि हे आश्चर्य रोज घडत होतं, मला पत्ता नव्हता. ते कळायला एका पोरीचं दिसणं जावं लागलं.

तिची धाकटी आजी, म्हणजे महानंदा, मधेच म्हणाली, "श्रुते, मला लाल येतंय बरं का आता. नुसतं लाल. कशाचं ते न्हाई कळत." तेवढं तिला पुढं हळूहळू माघारी आलं, रंगांचे ढग. तोंडं नाही आली. तिच्या स्वतःच्या पोरांची तोंडं तिनं कधी बघितली नाहीत. पण ओट्यावरून घसरणाऱ्या पोराला तिच्याइतक्या चपळाईनं आमच्या घरात कुणी झेललेलं नाही. पोर हातात आलं की मग ती विचारायची, "कोन हाय रे?"

श्रुतीनं विचारलं, "मग उदगीरला का नाही सोडलं?"

तर तेच सांगायचं राहिलं.

नांदेडहून आलो. मी आत्याबाईंना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्या सुपात दाणे पाखडत राहिल्या. "जी सुपारी उचलती ती आंधळी कशी?" एवढंच बोलल्या. त्यांचं म्हणणं तसं वाकडं नव्हतं. डॉक्टरांचं मलाही पटायला नको होतं, पण पटलं होतं. पण त्यांच्या आवाजात मला काहीतरी घाईचं वाटलं. महानंदा आंधळी नसावी, ह्याची त्यांना फार गरज होती. का, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

सोमवार उजाडला. महानंदाची पिशवी भरून दारात ठेवलेली. गाडी यायला वेळ होता. आमच्या लिंगायतांच्या घरात अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, आणि त्याच्याकडं टक लावून बघत बसायचं. दुसरं काही नाही. बघणं हीच पूजा. महानंदा पाटावर बसली. तळहात पुढं, लिंग त्यावर, आणि डोळे मिटलेले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी गळत होतं.

आत्याबाई सुपात नांदेडहून आणलेले दाणे पाखडत होत्या. थांबल्या. "डोळं मिटून कुनी पूजा करतंय का? उघड की. तुला दिसतंय ते समद्यांना ठावं हाय."

"उघडले की काय बी न्हाई, आत्याबाई," महानंदा म्हणाली. "मिटले की दिसतंय."

"मिटून काय दिसतंय?"

"लिंग दिसावं म्हनून बसते. ते येतच न्हाई. पेवाचं तोंड येतंय. मी खाली उतरून राहिले, वर गोल उजेड हाय, आन् त्यात तुमचं तोंड. तुम्ही वाकून बघायलात. रोज तेच. सपनात बी तेच. आंधळी होताना जे बघितलं तेवढंच राहिलंय माझ्यापाशी."

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. भावजी दारात उभे होते, पिशवी उचलायला वाकलेले, तसेच राहिले.

आत्याबाईंनी विचारलं, "कसं हाय माझं तोंड?"

महानंदानं डोळे उघडले नाहीत. जणू नीट बघून सांगत होती. "भ्यालेलं," ती म्हणाली.

आत्याबाई उठल्या. त्या उंच होत्या, पण त्या दिवशी मला लहान दिसल्या. पाटापाशी आल्या, खाली बसल्या. महानंदाचा लिंग धरलेला तळहात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत खालून धरला. त्या लिंगाकडं बघत नव्हत्या, तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत होत्या.

"पेवात वारं कुठलं असतंय गं," त्या म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. आत्याबाईंनी मान न वळवता सांगितलं, "इस्वनाथ, ती पिशवी आत ठेव. उदगीरची गाडी जाऊ दे."